अकरावं प्रकरण

नव्या पुस्तकाचा वास घेतल्याशिवाय तिला ते आपलं वाटत नसे. संपादकाने टेबलावरून पहिली प्रत पुढे सरकवली तशी तिने आधी ती नाकाशी नेली, आणि खळीच्या त्या ओल्या, आंबूस वासाने तिच्या पोटात ढवळून आलं. सकाळपासून पोटात नुसता चहा, म्हणून असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मुखपृष्ठावर एक मुलगी गुलाबी झग्यात दात काढून हसत होती. मागे निळाशार समुद्र, वर पांढरेशुभ्र पक्षी. सबंध कादंबरीत ही मुलगी एकदाही हसत नाही, समुद्र राखेच्या रंगाचा आहे आणि पक्षी म्हणाल तर बंदरावरची घाण उकरणारे. कोपऱ्यातल्या पिवळ्या फुग्यात लिहिलं होतं, ‘किशोरांसाठी जागतिक साहित्य’. किशोरांसाठी म्हणजे काय, तर साखरेत घोळवून. तिने ओठ मिटून घेतले. अनुवादकाला मुखपृष्ठ दाखवायची पद्धत नसते, आणि भांडून ती पडत नाही, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. तिचं बोट सवयीने पुस्तकाच्या मधोमध गेलं. अकराव्या प्रकरणाची पहिली ओळ तिला तोंडपाठ होती. ‘आई मासे साफ करत होती तेव्हा मी तिला सांगितलं.’ ही एवढी ओळ आपल्या भाषेत आणायला तिने सबंध पावसाळा घालवला होता. पान उघडलं. वर ठळक अक्षरांत ‘अकरा’ होतं, आणि खाली मुलगी बोचकं घेऊन बंदरावर उभी होती. म्हणजे हे बारावं. तिने मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं, एकदा पुस्तक उलटं धरून झटकलंसुद्धा, जणू ती पानं कुठे चिकटून बसली असतील.

“अकरावं प्रकरण कुठंय?”

“आहे की, ताई.” संपादक चहात बिस्किट बुडवत होता. हा माणूस तिच्याहून बराच लहान, तिच्या आईच्या शाळेतला जुना विद्यार्थी. गोड बोलणं हाच त्याचा धंदा. “दहाच्या पुढं अकराच.”

“हे बारावं आहे. त्याला अकरा आकडा चिकटवलाय.”

बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला. त्याने तो दोन बोटांनी बाहेर काढला, तोंडात टाकला आणि बोटं चोखली. तिने नजर फिरवली. “हां, ते होय! फर्म्याचं गणित हो, ताई. सोळा पानांचा एक फर्मा. आपलं पुस्तक सात पानं वर जात होतं. सात पानांसाठी आख्खा फर्मा वाढवायचा आणि मागं कोरी पानं सोडायची, असं कसं चालेल? त्या प्रकरणात बरोब्बर सात पानं निघत होती. देवच पावला म्हणा ना!”

“मग मागची प्रश्नांची पानं काढायची होतीस.”

“ती कशी काढणार? शाळा पुस्तक घेतात ते त्या पानांवर.”

ती पानंही तिने उघडली. ‘वाचा आणि विचार करा.’ प्रश्न तिसरा होता: ‘नायिकेने आईला सोडून जाणे तुम्हाला योग्य वाटते का? आईच्या भावना लक्षात घेऊन उत्तर लिहा.’ ती मोठ्याने हसली. तिला हसू आलं नव्हतं, ओकारी आली होती, पण परक्याच्या कार्यालयात माणूस ओकणार कुठे? जिथे मुलगी का गेली ते सांगितलंय ती पानं कापायची, आणि मग पोरांना विचारायचं, बाळांनो, ती गेली ते बरं केलं का? कशात काय नि फाटक्यात पाय. उद्या कुठल्या तरी वर्गात कुणी तरी हुशार मुलगी वळणदार अक्षरात लिहील, ‘नाही, नायिका हट्टी व स्वार्थी आहे’, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळतील. आणि तिच्या शेजारच्या बाकावरची गप्प मुलगी ते ऐकेल. शी!

“ठरवलं कुणी?” तिने विचारलं.

संपादक गोंधळला. खरंच गोंधळला, नाटक नव्हतं ते. “म्हणजे? तुमचं घरात बोलणं झालं नाही? अहो, बाईंनीच, तुमच्या आईंनीच सांगितलं. तुम्ही गावाला गेला होतात, तुमचा फोन लागेना. आपलं किशोरांचं पुस्तक बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जातच नाही, तुम्हाला माहितीय. मी विचारलं, बाई, सात पानं कमी करायचीत, कुठली करू? त्यांनी कच्च्या प्रती उघडून पाहिल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, अकरावं काढ. ते त्या पुस्तकातलं वाटतच नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी शटर खडखडत वर केलं. तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “गठ्ठे शाळांकडे जाऊ देऊ नकोस. ती सात पानं वेगळी छाप, प्रत्येक प्रतीत चिकटव. मी येऊन चिकटवते हवं तर.”

“चिकटवायला काय हरकत आहे? होईल तेही.” त्याने कप तिरका करून तळाचा गाळ प्यायला. “बाईंना एक फोन करायला सांगा फक्त. सोमवारी गाडी सुटते. त्या हो म्हणाल्या की मी थांबवतो. त्यांचा शब्द मोडून मी नाही करणार, ताई. लहानपणी छड्या खाल्ल्यात त्यांच्या.” आणि तो हसला. दाताच्या फटीत बिस्किट होतं.

ती प्रत पिशवीत टाकून रस्त्यावर आली. दुपार उतरत होती. बसने जाण्यासारखं अंतर होतं, पण दुसऱ्या माणसाचा दंड आपल्या दंडाला लागेल या विचारानेच तिच्या अंगावर काटा आला, म्हणून ती चालत निघाली. पदपथावर कुणी पिचकारी मारलेली, ती तिने ओलांडली. उपाहारगृहाच्या मागच्या दारी एक माणूस खरकटं पिंपात ओतत होता, त्याचा भपकारा आला. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धा चेहरा पावसाने सोलून निघाला होता आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने ती हसत होती. आज सगळंच हसत होतं मेलं. चालता चालता तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टोचत होती. प्रकरण कापलं त्याचा राग होताच, पण आईने ते उघडून पाहिलं नव्हतं. म्हणजे उघडायची गरज पडली नव्हती. म्हणजे आईला ते लक्षात होतं. आणि ती वेडी, अनुवाद वाचून झाल्यावर आई काही बोलेल म्हणून किती दिवस वाट बघत बसली होती! रोज संध्याकाळी आईच्या समोर बसायचं, कप पुढे करायचा, आणि आई चष्मा पुसत म्हणायची, “एक-दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बघून घे. बाकी भाषा बरी उतरलीय.” त्यासाठी तर सगळा खटाटोप केला होता. पोरांनी वाचावं म्हणून केलाच होता, पण आधी एका म्हाताऱ्या बाईने वाचावं म्हणून. जे स्वतःच्या तोंडाने दुसऱ्यांदा सांगता आलं नाही ते परक्या बाईच्या तोंडाने, परक्या समुद्राच्या काठावरून सांगायचं, आणि छापील अक्षरांत समोर ठेवायचं. छापील अक्षराला आई मान देते. आयुष्यभर मुख्याध्यापिका होती ती.

ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती स्वतः बारा वर्षांची होती. त्या माणसाला सगळी मुलं संत्रीकाका म्हणत, कारण तो येताना संत्री आणायचा. आईच्या शाळेच्या समितीवरचा माणूस, घरी येणंजाणं, जेवणखाण, सगळं. सोलून एकेक फोड पोरांच्या तोंडात घालायचा, आणि मग त्याची ती चिकट बोटं मानेवर, केसांत. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं होतं. पुढचं तिच्या आठवणीत नुसत्या सालीच्या वासाने भरलेलं आहे. डोळ्यांना झोंबणारा, कडवट वास. आई संध्याकाळी आली, टेबलाशी बसून परीक्षेचे पेपर तपासायला लागली, आणि तिने आईला सांगितलं. कसं सांगितलं, कुठले शब्द वापरले, देव जाणे. शब्द होतेच कुठे? घरातल्या भाषेत त्या गोष्टीसाठी एक तरी शब्द तिला कुणी दिला होता का? आईची लाल पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. “तुला उगाच वाटलं असेल,” आई वर न बघता म्हणाली. “हात धू आणि जेवायला ये.” तिने हात धुतले. साबण लावून, नीट, शाळेत शिकवल्याप्रमाणे.

त्यानंतर ती पुस्तकांत शिरली. शाळेच्या ग्रंथालयात परदेशी पुस्तकांच्या अनुवादांचं एक कपाट होतं. ते तिने वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. काय शोधतेय ते तिला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. तिला तिच्यासारखी एक मुलगी हवी होती. नुसती एक. पण त्या पुस्तकांतली मुलं खजिने शोधायची, बर्फात कुत्रे हाकायची, बेटांवर झोपड्या बांधायची. मुलींच्या आया एक तर मेलेल्या असायच्या नाही तर देवमाणूस. मग तिने परकी भाषाच शिकायला घेतली, आणि लोकांना वाटलं, काय हौस पोरीला! हौस कसली डोंबलाची. त्या भाषेत तिला कुणी ‘उगाच वाटलं असेल’ म्हणालं नव्हतं, म्हणून ती भाषा तिला स्वच्छ वाटायची. आणि आता रस्त्यात उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, त्या कपाटातल्या पुस्तकांतूनही कुणीतरी काहीतरी काढलेलं असेल. एखादी मुलगी एकदम कारण नसताना गप्प व्हायची, एखादी उगाच घरातून पळायची, तेव्हा वाटायचं, लेखकाला नीट लिहिता येत नाही. लेखकाला येत होतं. मधली सात पानं फर्म्यात बसली नसतील. कुणा गोड बोलणाऱ्या माणसाने कुणा आदरणीय बाईंना विचारलं असेल, आणि बाई म्हणाल्या असतील, काढ. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या पोरींसाठी हे करत राहायचं आणि वर म्हणायचं, आजकालची मुलं वाचत नाहीत. वाचायला ठेवलंय काय तुम्ही? तिला इतका संताप आला की शेजारून जाणाऱ्या बाईने दचकून वळून पाहिलं. बहुतेक ती मोठ्याने बोलली होती.

जिन्यात ओल्या फडक्याचा वास होता. दार आईने उघडलं. ताठ कणा, इस्त्रीची कडक घडी, कानावरचे पांढरे केस एका रेषेत. या वयातही. “आलीस? दाखव बघू पुस्तक,” आईने हात पुढे केला. तिने पिशवीतून प्रत काढून टेबलावर ठेवली. हेच टेबल. रंग दोनदा बदललाय, टेबल तेच. आईने भिंग घेतलं, मुखपृष्ठ पाहिलं. “छान छापलंय. मुलांना आवडेल.”

“अकरावं प्रकरण तू काढायला लावलंस.”

“हो.” भिंग मुखपृष्ठावरून हललं नाही. “कोवळं वय असतं गं. नाही नाही ते वाचून पोरांच्या डोक्यात भलतंच शिरतं.”

“मीही कोवळीच होते.”

आईने भिंग खाली ठेवलं. आता काहीतरी होणार, असं तिला वाटलं. आईच्या गालावरची एक बारीक शीर उडत होती. “हे बघ,” आई हळू आवाजात म्हणाली, समोरच्या फ्लॅटचं दार उघडं असल्यासारखी. “तू मोठी आहेस, शिकलेली आहेस. तुला काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. पण दुसऱ्या बाईच्या पुस्तकात आपल्या घरातलं घुसडायचं, ही कुठली रीत? अनुवाद म्हणजे विश्वासाचं काम. मी ते वाचलं आणि मला घामच फुटला. उद्या कुणी मूळ पुस्तक लावून पाहिलं असतं तर? नाव कुणाचं गेलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझीच अब्रू वाचवली मी, आणि तू माझ्यावरच डोळे वटारतेस.”

तिला आधी समजलंच नाही. आई काय म्हणतेय ते कानांवर पडलं, पण आत उतरायला वेळ लागला. घुसडायचं? आपल्या घरातलं? मग ते उतरलं, आणि उतरताना तिच्या पोटातली मळमळ एकदम थांबली, जशी ताप चढून गेल्यावर थंडी थांबते. ती खुर्ची ओढून बसली.

“आई, त्यात माझा एक शब्द नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मूळ पुस्तकात तसंच आहे. त्या लेखिकेने लिहिलंय. ती मुलगी तिकडची, तो वरच्या खोलीतला भाडेकरू तिकडचा, ती आईसुद्धा तिकडचीच. मी फक्त आपल्या भाषेत आणलं.”

“ती मासे साफ करणारी बाई...”

“ती त्या मुलीची आई. कोळीण आहे ती.”

आई तिच्याकडे बघत राहिली. “मला वाटलं, तू मला मासे साफ करायला बसवलंस. लोकांनी ओळखू नये म्हणून.” ज्या बाईने जन्मात माशाला हात लावला नाही ती हे बोलत होती, आणि एरवी त्यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या. “ती म्हणते ना मुलीला, हात धू म्हणून. शब्दाला शब्द तेच. मग मला दुसरं काय वाटणार?”

“शब्दाला शब्द,” ती म्हणाली. “म्हणजे तुला आठवतंय.”

 आईने पुस्तकाच्या कडा टेबलाच्या कडेशी समांतर केल्या. लेकीच्या मनात मात्र दुसरंच एक दार उघडलं होतं. या घरात संत्री येत नाहीत. कधीपासून? लहानपणी तिला वाटायचं, किती बरं झालं, योगायोगाने आईला संत्र्याने सर्दी होते. आज आईच्या उडणाऱ्या शिरेकडे बघताना तिला तो दिवस लख्ख दिसला. संत्रीकाका दारात उभा आहे, हातात पिशवी, आणि आई म्हणतेय, “अहो, संत्री नका हं आणू यापुढे, मला बाधतात.” आणि तो पुढच्या वेळी बिस्किटं घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी पेढे. कितीतरी वर्षं येत राहिला, तो मेला तेव्हा आईने शाळेत शोकसभा घेतली. आईने त्या संध्याकाळी विश्वास ठेवला नव्हता, असं धरून ती आजवर जगली होती. ते सोसलं होतं. आईला पटलं नाही, पटवता आलं नाही, लहान होतो आपण, असं म्हणून ते कुठेतरी ठेवून देता येत होतं. पण आईला पटलं होतं. पहिल्या झटक्यात पटलं होतं. आणि तिने माणूस बंद केला नाही, फळ बंद केलं. तिला आईची किळस आली. एवढी साधी, सरळ किळस तिला आयुष्यात कधी कुणाची आली नव्हती. त्या माणसाचीसुद्धा नाही.

“संपादकाला फोन लाव,” ती म्हणाली. “सांग, पानं परत घाल म्हणून. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही तो.”

आई विचार करत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं, आणि ते काय आहे हे कळायला लेकीला वेळ लागला, कारण ते अपेक्षित नव्हतं. आईला हायसं वाटत होतं. खांदे खाली आले, शीर थांबली. “म्हणजे खरंच त्यांच्याकडचं आहे ते?” आईने पुन्हा विचारलं. “छापलेलं? तू शपथेवर सांगतेस?”

“छापलेलं. दाखवू मूळ पुस्तक?”

“नको, नको. तू म्हणतेस म्हणजे असेल.” आई उठली, फोनपाशी गेली, आकडे पाठ होते तिला. “हां, मी बोलतेय. अरे, ते अकरावं प्रकरण. माझा जरा गैरसमज झाला होता. मुळातच आहे ते, तिकडचंच आहे. हो, हो. तिकडं होतं असं सगळं. मग आपण कशाला कात्री लावायची? पुरवणी छापून चिकटव. मुलांना कळू दे की जगात कुठे काय चालतं. आणि तो तिसरा प्रश्न मीच लिहिला होता, तो बदलून देते मी, उद्या माणूस पाठव.” मग हसून, “नाही रे, आता नाही मारत छडी.”

फोन ठेवून आई वळली. जिंकल्यासारखी नाही, पण एक काम मार्गी लागल्यासारखी. झालं होतं खरंच. पानं जाणार होती. कुठल्यातरी बाकावरच्या गप्प मुलीच्या हातात ती सात पानं पडणार होती, थोडी वाकडी चिकटवलेली, खळीचा वास येणारी, आणि ती मुलगी ती वाचणार होती. एवढ्यासाठी तर भांडायला आलो होतो आपण. मग हे तोंडात काय आलंय कडवट?

“तिकडचं घातलंस,” ती म्हणाली. “आणि इकडचं?”

“इकडचं काय?” आई ताटं काढत होती. भांड्यांचा आवाज जरा जास्तच होत होता. “इतक्या वर्षांनी काय उकरायचंय? माणूस गेला, गोष्ट संपली. तुझं काम झालं ना? मग. चल, सकाळपासून उपाशी असशील. हात...”

आई तिथेच थांबली. तिच्या हातातलं ताट टेबलापासून वीतभर वर तसंच राहिलं.

“बोल ना,” ती म्हणाली. “पूर्ण कर.”

 स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांना नव्या पुस्तकाची खळ लागली होती, रस्त्यावरची धूळ होती, जिन्याच्या कठड्याचा चिकटपणा होता. तिने आईच्या हातातून ताट घेतलं, समोर ठेवलं, आणि ती तशीच, न धुतल्या हातांनी, आईच्या डोळ्यांत बघत जेवायला बसली.